आधी मोजा, मग फवारा



आपल्या चाकूर भागात तूर फुलावर आली, हरभरा वीतभर झाला, आणि दोन-चार दिवस आभाळ भरून राहिले, की एक देखावा हमखास पाहायला मिळतो. औषधाच्या दुकानापुढे सकाळपासून गर्दी होते. आपला शेतकरी घाईघाईने येतो आणि म्हणतो, "तुरीला अळी पडली म्हणतात, औषध द्या." दुकानदार विचारतो, "किती आहे?" शेतकरी म्हणतो, "पडली म्हणतात की हो! शेजाऱ्यानं कालच मारलं. त्यानं नेलं तेच द्या."

संवाद एवढाच. पण आपल्या शेतीचे एक मोठे दुखणे त्यात आले आहे. 'किती आहे?' या प्रश्नाला उत्तरच मिळालेले नाही. अळी किती, ती कोणती, लहान की मोठी, हे काही पाहिलेले नाही, आणि बाटली मात्र पिशवीत पडली आहे. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या 'किती'विषयी.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. आपण म्हणाल, हे गुरुजी आम्हाला अळीविषयी काय सांगणार? शंका रास्त आहे. पण 'किती' हा प्रश्न हिशेबाचा आहे, आणि हिशेब हा माझा विषय आहे. शिवाय घरची शेती आहे, आणि हा धडा मला पुस्तकाने दिला नाही. घरावर आलेल्या एका प्रसंगाने दिला. तो पुढे सांगेन. आधी शत्रूची ओळख करून घेऊ.

संध्याकाळी दिव्याभोवती भुरकट रंगाची पाखरे फिरतात. आपण त्यांना पाखरू म्हणतो, पुस्तकात त्यांना पतंग म्हणतात. आपल्याला ती निरुपद्रवी वाटतात, आणि एका अर्थाने ती आहेतही. पतंग पीक खात नाही. पण पतंग आणि अळी हे एकाच जिवाचे दोन अवतार आहेत, हे आपण विसरतो. हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून बसलेली जी घाटे अळी, ती पूर्वी अंडे होती, आणि ते अंडे घालणारी मादी तुमच्या शेतावरून रात्री फिरून गेली होती.

ही मादी खसखशीच्या दाण्याएवढी अंडी कोवळ्या शेंड्यावर, कळीवर, फुलावर सुटी सुटी घालते. आपल्या आयुष्यात ती शेकड्यांनी अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी निघते. पहिले काही दिवस ती दोऱ्याएवढी बारीक असते, कोवळा पाला खरवडून खाते आणि आपल्या डोळ्यांना दिसतही नाही. मग ती वाढते, कात टाकते, आणि दोन-अडीच आठवड्यांत बोटाच्या पेरापेक्षा मोठी होते. या वयात एक अळी हरभऱ्याचे तीस-चाळीस घाटे पोखरू शकते. पोट भरले की ती जमिनीत उतरते, कोष करते, आणि आठ-पंधरा दिवसांनी त्यातून पुन्हा पतंग बाहेर पडतो. सगळा फेरा साधारण महिन्या-सव्वा महिन्याचा. थंडी असली की थोडा लांबतो.

आता या फेऱ्यात आपण शेतकरी कुठे भेटतो, ते पाहा. पतंग येतो तेव्हा आपण झोपलेले असतो. अंडे आपल्याला दिसत नाही. बारीक अळी दिसत नाही. अळी मोठी होऊन शेंगेत शिरली, खाली लेंड्या पडल्या, की मग आपण जागे होतो आणि पंप पाठीला लावतो. त्या वेळी अळीची कातडी निबर झालेली असते, अर्धे अंग शेंगेत असते, आणि औषध तिच्यापर्यंत धड पोचत नाही. म्हणजे आपण फवारतो बहुधा उशिरा, किंवा शेजाऱ्याचे पाहून विनाकारण. वेळेवर क्वचितच.

आता तो घरचा प्रसंग सांगतो. २०१७ सालच्या हंगामातली गोष्ट. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले, हे आपल्याला आठवत असेल. आम्ही ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि 'फार वाईट झाले' म्हणून बाजूला ठेवली. आमच्या तुरीवर चार फवारण्या झाल्या होत्या. पाचव्या फवारणीला धाकट्या भावाने दोन औषधे एकात एक मिसळली. दुपारचे ऊन होते, वारा तोंडावर येत होता, नाकाला रुमालसुद्धा नव्हता. संध्याकाळी घरी आला तो घामाने निथळत. डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, तोंडाला लाळ सुटली, उलट्या झाल्या. रात्रीच गाडी करून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी वेळेवर उपचार केले म्हणून निभावले. दोन रात्री आम्ही दवाखान्याच्या ओसरीत काढल्या. आण्णा एक शब्द बोलत नव्हते.

तिसऱ्या दिवशी भाऊ उठून बसला. मी विचारले, "अरे, एवढी अळी होती का तुरीत?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, खरं सांगू? मी पाहिलंच नव्हतं. सगळे मारत होते म्हणून मारलं."

श्रोतेहो, मी इतकी वर्षे मुलांना खर्च आणि नफा शिकवतो. पण घरातला माणूस ज्यापायी मरता मरता वाचला, तो खर्च कशासाठी केला होता, याचे उत्तर आमच्या घरात कोणाजवळ नव्हते. त्या दिवसापासून आमच्या शेतात एक नियम झाला: आधी मोजायचे, मग ठरवायचे.

आता मोजायचे म्हणजे काय, आणि किती झाले म्हणजे फवारायचे? इथे थोडा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घेतली तरी चालेल.

समजा, हरभऱ्याच्या एका फवारणीला औषध आणि मजुरी मिळून एकरी १००० रुपये लागतात. समजा, हरभऱ्याचा भाव क्विंटलला ५००० रुपये आहे. म्हणजे १००० रुपयांचा हरभरा झाला २० किलो. फवारणीमुळे २० किलोपेक्षा जास्त हरभरा वाचणार असेल, तरच ती फवारणी फायद्याची. आता समजा एकरी सहा क्विंटल पीक येते. सहाशे किलोत वीस किलो म्हणजे शंभरात तीन-साडेतीन. पण औषधाने सगळेच नुकसान थांबत नाही. तीन भागांपैकी दोन भाग थांबले तरी पुष्कळ झाले. तो हिशेब धरला की शंभरात पाच घाटे जाण्याइतका धोका दिसेल, तेव्हा फवारणी परवडते. त्याहून कमी धोक्यासाठी फवारले, तर अळी मरेल, पण त्याबरोबर आपला पैसाही मरेल.

कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत 'आर्थिक नुकसानीची पातळी' असा शब्द येतो. शब्द भारी आहे, पण अर्थ हाच. हरभऱ्यात मीटरभर ओळीत एक ते दोन अळ्या, किंवा शंभरात पाच घाटे पोखरलेले. तुरीत झाडाला एक-दोन अळ्या. सोयाबीनमध्ये पाने खाणाऱ्या अळीच्या बाबतीत मीटरभर ओळीत तीन-चार लहान अळ्या. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी वीस हिरवी बोंडे फोडून पाहायची. दोनांत अळी सापडली तर सावध व्हायचे. हे आकडे कोणी मनाने काढलेले नाहीत. खर्च, भाव आणि नुकसान यांची जोड लावून ते काढलेले आहेत.

मोजणीसाठी पदवी लागत नाही. आठवड्यातून दोनदा सकाळी शेतात जा. बांधावरून पाहू नका, आत शिरा. शेताच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये, अशा पाच जागा धरा. प्रत्येक जागी हरभऱ्याची मीटरभर ओळ किंवा तुरीची चार-पाच झाडे नीट पाहा आणि आकडा कागदावर लिहा. अर्ध्या तासाचे काम आहे. चहाच्या टपरीवर आपण याहून जास्त वेळ बसतो.

आपल्या राज्याने हा धडा मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. २००८ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला. शिवारेच्या शिवारे चाळणी झाली. त्यानंतर २००९-१० पासून राज्य शासनाने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला, ज्याला 'क्रॉपसॅप' म्हणतात. त्याचे मूळ सूत्र हेच, की ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजायच्या आणि मोजणीवरून गावाला सल्ला द्यायचा. सरकार गावासाठी मोजते. आपण आपल्या शेतासाठी मोजायचे.

आता आपण विचाराल, अंडे दिसत नाही, बारीक अळी दिसत नाही, मग वेळेवर कळावे कसे? त्याचे उत्तर पतंगाजवळच आहे.

रात्री मादी पतंग आपल्या अंगातून एक गंध सोडते. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, पण त्याच जातीच्या नराला दुरून कळतो आणि तो वाऱ्याचा माग काढत येतो. जर्मनीत बुटेनांट नावाच्या शास्त्रज्ञाने सुमारे पाच लाख रेशमी पतंगांच्या ग्रंथी जमवून, जवळजवळ वीस वर्षे खपून, १९५९ साली हा गंध कोणत्या पदार्थाचा आहे ते शोधून काढले. त्यानंतर निरनिराळ्या किडींचे गंध कारखान्यात तयार होऊ लागले. आज जो कामगंध सापळा आपण लावतो, त्यातली लहानशी गोळी म्हणजे त्या मादीची खोटी हाक आहे. नर येतो आणि नरसाळ्यातून खालच्या पिशवीत पडतो.

सापळे एकरी दोन, म्हणजे हेक्टरी पाच पुरतात. पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच बांधा. पीक वाढेल तसे वर सरकवा. प्रत्येक किडीची गोळी वेगळी असते, हे नीट ध्यानात ठेवा. घाटे अळीची गोळी लावून सोयाबीनवरच्या अळीचे पतंग येणार नाहीत. गोळीला तंबाखूचा किंवा औषधाचा हात लावू नका. पाकिटावर दिलेल्या मुदतीप्रमाणे, साधारण तीन आठवड्यांनी, ती बदला. रोज सकाळी पतंग मोजा आणि पिशवी रिकामी करा. सलग दोन-तीन रात्री एका सापळ्यात आठ-दहा पतंग येऊ लागले, तर समजा की अंडी घातली जात आहेत आणि चार-आठ दिवसांत बारीक अळी दिसणार आहे. आता शेतात जाऊन नीट मोजा आणि तयारीला लागा.

एक गैरसमज मात्र नको. सापळ्यात फक्त नर सापडतात. मादी बाहेरच असते. म्हणून दोन सापळे लावले आणि कीड संपली, असे होत नाही. कुत्रा चोर धरीलच असे नाही, पण भुंकून घर जागे करतो. सापळ्याचे कामही तसेच समजा.

आता घर जागे झाले. पुढे काय? बाटलीकडे धावण्याआधी करण्यासारखी पाच-सहा कामे आहेत, आणि त्यांतली बरीचशी बिनपैशाची आहेत.

पहिले काम उन्हाळ्यातले. पीक निघाले की रान खोल नांगरा. जमिनीत दडलेले कोष वर येतात, उन्हाने मरतात, आणि नांगरामागे येणारे बगळे आणि साळुंक्या उरलेले टिपतात.

दुसरे काम पाखरांचे. आपल्या शिवारातला कोतवाल, साळुंकी, चिमणी ही बिनपगारी माणसे आहेत. त्यांना बसायला जागा दिली की पुरे. हरभऱ्यात एकरी आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'टी'च्या आकाराच्या काटक्या रोवा, पिकापेक्षा फूटभर उंच. जुन्या माणसांना विचारा, हरभऱ्यात अधूनमधून ज्वारीचे दाणे टाकायची रीत का होती? त्या ताटांवर पाखरे बसत आणि खालची अळी वेचत. आपण शेत 'साफ' करण्याच्या नादात पाखरांची बैठक मोडली.

तिसरे काम हाताचे. सोयाबीनवरची पाने खाणारी अळी अंडी पुंजक्याने घालते आणि पुंजक्यावर भुरकट केस असतात. अंडी फुटली की शेकडो बारीक अळ्या एकाच पानावर बसून हिरवा भाग खातात. पान जाळीदार, कागदासारखे दिसते. असे एक पान तोडून नष्ट केले म्हणजे शेकडो अळ्या एका चिमटीत गेल्या. चार दिवस उशीर केला तर त्याच अळ्या रानभर पसरतात. बांधाला थोडी एरंडी लावली तर मादी तिच्या पानांवर अंडी घालायला येते. मग पाहणी आणखी सोपी होते. तुरीच्या बाबतीत झाडाखाली पोते अंथरा आणि झाड अलगद हलवा. मोठ्या अळ्या टपाटप पोत्यावर पडतात. त्या कोंबड्यांना घाला. मोठी अळी औषधाला दाद देत नाही, पण हलवण्याला देते!

चौथे काम लिंबाचे. आपल्या मराठवाड्यात बांधाबांधावर लिंब आहे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच्या निंबोळ्या पायाखाली तुडवल्या जातात. १९५९ सालीच सुदानमध्ये श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिले, की टोळधाडीने सगळा परिसर फस्त केला, पण लिंबाचे झाड तेवढे हिरवे राहिले. पुढे १९६२ मध्ये दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकावर शिंपडून टोळांपासून पीक वाचवून दाखवले. आपल्या आज्या धान्याच्या कणगीत लिंबाचा पाला घालीत, त्यामागचे कारणही हेच.

पाच टक्के निंबोळी अर्काची कृती सांगतो, लिहून घ्या. पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून गर धुऊन टाका आणि बिया सावलीत वाळवा. फवारणीच्या आदल्या दिवशी पाच किलो बियांची भरड करा आणि ती दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळा, आणि सगळे मिळून शंभर लिटर होईल इतके पाणी घाला. हा अर्क त्याच दिवशी वापरा. शिळा ठेवू नका. याने अळी पटकन मरत नाही, हे आधीच सांगतो. तिची खाण्यावरची वासना उडते, तिला नीट कात टाकता येत नाही, आणि मादी त्या पिकावर अंडी घालायला कचरते. म्हणून हा उपाय सुरुवातीचा, अंड्यांच्या आणि बारीक अळ्यांच्या वेळेचा. अळी बोटाएवढी झाल्यावर अर्क मारून 'काही उपयोग नाही' म्हणणे, हे पूर येऊन गेल्यावर पाळ घालण्यासारखे आहे.

पाचवे काम अळीच्याच रोगाचे. कधीकधी तुरीच्या शेंड्याला काळपट, लिबलिबीत अळी उलटी लटकलेली दिसते. ती विषाणूच्या रोगाने मेलेली असते. हाच विषाणू औषध म्हणून मिळतो. त्याला एच.ए.एन.पी.व्ही. म्हणतात. बाटलीवर 'एल.ई.' असे माप असते. रोगाने मेलेल्या एका अळीच्या अंगातून जेवढा विषाणू मिळतो, ते एक एल.ई. पिकाप्रमाणे हेक्टरी २५० ते ५०० एल.ई. वापरतात. घाटे अळीखेरीज माणसाला, गुराला, मधमाशीला याचा अपाय नाही. मात्र उन्हात हा विषाणू टिकत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची आणि पाण्यात थोडी कपड्याची नीळ टाकायची. अळी लहान असतानाच मारा; मरायला चार-सहा दिवस लागतात, तेवढा धीर धरा.

आणि सहावे काम म्हणजे काही कामे न करणे. शेतात आपले मित्र कीटकही असतात. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या कुळातली एक चिमुकली माशी आहे, मोहरीपेक्षाही लहान. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, आणि त्या अंड्यातून अळीऐवजी ही माशीच बाहेर येते. तिची कार्डे विकत मिळतात, पण शेतात ती आपोआपही असते. आपण सुरुवातीलाच जहाल औषध मारले की पहिल्यांदा मरतात ते हे मित्र. अळी चार दिवसांनी पुन्हा येते, तेव्हा तिला अडवायला कोणी उरलेले नसते. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. १९८७ च्या सुमारास आंध्रच्या किनारपट्टीत कपाशीवर एकाच जातीची औषधे पुन्हा पुन्हा मारली गेली. शेवटी घाटे अळीच त्यांना सरावली, कितीही मारले तरी मरेना, आणि शेतकरी कर्जात बुडाले. औषध जितके जास्त वापरावे तितके ते बोथट होते. सुरीची धार जपून वापरतात तशी औषधाची धार जपावी लागते.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही रासायनिक औषधाला अजिबात हात लावू नका म्हणता. तसे मी म्हणत नाही. आमच्याच शेतातले सांगतो. प्रसंग घडला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही तुरीत सापळे लावले, काटक्या रोवल्या, एकदा निंबोळी अर्क आणि एकदा विषाणू मारला. मध्ये पाच-सहा दिवस ढगाळ हवा झाली, सापळ्यातला आकडा वाढला, आणि मोजणीत झाडाला तीन-तीन अळ्या निघाल्या. तेव्हा आम्ही शिफारशीतले एकच औषध, सांगितलेल्या मात्रेत, एकदा मारले. पाचाच्या जागी तीन फवारण्या झाल्या, त्यांतली विषाची एकच. उतारा कमी आला नाही. सगळी वर्षे अशीच जातील असे मी म्हणणार नाही. पण त्या फवारणीला कारण होते, आणि ते कारण वहीत लिहिलेले होते.

विष वापरायची वेळ आलीच, तर काही गोष्टी देवाच्या नेमासारख्या पाळा. अंगभर कपडे, हातमोजे, नाकातोंडाला मुखवटा, डोळ्याला चष्मा. वाऱ्याच्या विरुद्ध चालायचे नाही. दुपारच्या उन्हात फवारायचे नाही. दोन औषधे मनाने मिसळायची नाहीत. फवारताना बिडी-तंबाखू नाही. रिकामी बाटली घरात तेला-पाण्याला वापरायची नाही. आणि मजूर लावला असेल, तर त्यालाही हे सगळे द्यायचे. त्याचा जीव आपल्या जिवाइतकाच मोलाचा आहे. चक्कर, मळमळ, जास्त घाम, धूसर दिसणे, असे काही झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाची बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. बाटली पाहिली की कोणते विष गेले ते डॉक्टरांना लगेच कळते.

शिक्षक मित्रांनो, आता दोन शब्द आपल्यासाठी. हे काम शाळेतून जितके सहज होईल तितके दुसरीकडून होणार नाही. शाळेजवळच्या एखाद्या पालकाच्या शेतात दोन सापळे लावा. मुले सकाळी येताना पतंग मोजतील आणि शाळेच्या दर्शनी फळ्यावर आकडा लिहितील: 'आज सापळ्यात पतंग इतके.' गावातली माणसे येता-जाता वाचतील. महिन्याचे आकडे झाले की मुलांकडून आलेख काढून घ्या. गणिताचा तास होईल. एक अळी काचेच्या बरणीत ठेवा, तळाशी ओलसर माती घाला, रोज ताजा पाला द्या. ती कोष करील, आणि एके दिवशी बरणीत पतंग दिसेल. ज्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले, त्याला पतंग आणि अळी एकच आहेत हे पुन्हा सांगावे लागणार नाही. उन्हाळा संपताना त्यांना निंबोळ्या वेचायला लावा. औषधाच्या बाटल्यांपासून आणि फवारलेल्या शेतापासून मात्र मुलांना दूरच ठेवा. आणि एक गृहपाठ द्या: रात्री जेवताना वडिलांना विचारायचे, "बाबा, आपल्या शेतात अळ्या किती आहेत?" एखादे दिवशी बाप उत्तर देण्यासाठी शेतात जाईल.

शेतकरी बंधूंनो, पतंगाला बांध कळत नाही. तुम्ही एकट्याने मोजले तर तुमचे पैसे वाचतील. वस्तीवरच्या दहा जणांनी मिळून मोजले तर शिवार वाचेल. काही अडले तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या. विचारायला लाजू नका. पण विचारायला जाताना एक वस्तू बरोबर न्या: आपण मोजलेला आकडा.

माझा भाऊ आता दर सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी वही घेऊन शेतात जातो. वहीत फार काही नसते. तारीख, सापळ्यातले पतंग, झाडावरच्या अळ्या. आण्णा अक्षर वाचत नाहीत, पण आकडे वाचतात. संध्याकाळी ते वही हातात घेतात, आकड्यावरून बोट फिरवतात आणि विचारतात, "मग, मारायचं का?" पुष्कळदा भाऊ म्हणतो, "नाही आण्णा, अजून नाही." त्या 'अजून नाही'ने आमच्या घरचे किती पैसे वाचले ते मी मोजलेले आहे. बाकी जे वाचले, ते मोजता येत नाही.